शांत माणसाचा राग : मेलबर्न १९८१

मैदानावर डोकं फिरलेल्या क्रिकेटपटूंची यादी करायला बसलं, तर सुनील गावसकरचं नाव कुणाला पटकन सुचणार नाही. भावनांच्या नियमनावर बोलताना मला हे प्रकरण सगळ्यात उपयोगाचं वाटतं ते त्यामुळेच. तापट माणूस तापला, यात शिकण्यासारखं थोडंच असतं. ज्याच्या डोक्यावरचा बर्फ जगजाहीर आहे, तो एका दुपारी कसोटी सामना सोडून द्यायला निघतो, तेव्हा स्वभावाबद्दल आपण घरीदारी जे ठोकताळे बांधतो ते तपासून बघावे लागतात. (क्रिकेटच्या गप्पांत खेळाडू एकेरीतच येतात. इथेही तसंच ठेवलं आहे.)

प्रसंग

१० फेब्रुवारी १९८१. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, भारत-ऑस्ट्रेलिया तिसऱ्या आणि शेवटच्या कसोटीचा चौथा दिवस. सिडनीची पहिली कसोटी भारत एक डाव आणि चार धावांनी हरलेला, अ‍ॅडलेडची कशीबशी अनिर्णित राखलेली. मेलबर्नला पहिल्या डावात भारत २३७, त्यात एकट्या विश्वनाथचं शतक. ऑस्ट्रेलिया ४१९. म्हणजे १८२ धावांची पिछाडी. दुसऱ्या डावात मात्र गावसकर आणि चेतन चौहान या सलामीच्या जोडीने १६५ धावा लावल्या. पिछाडी फिटायला अजून १७ हव्या होत्या.

गावसकर ७० वर असताना डेनिस लिलीचा एक चेंडू पॅडवर आदळला. जोरदार अपील झालं आणि पंच रेक्स व्हाइटहेड यांनी बोट वर केलं. पायचीत. चेंडू आधी बॅटच्या आतल्या कडेला लागला होता अशी गावसकरची खात्री होती. तो जागचा हलेना. बॅट पॅडवर आपटून त्याने कड लागल्याचं दाखवलं. तेवढ्यात लिली पुढे आला आणि चेंडू कुठे लागला ते पॅडकडे बोट करून दाखवू लागला. तरीही गावसकर निघाला. मान हलवत, पुटपुटत, पण निघाला. काही पावलं गेल्यावर मागून ऑस्ट्रेलियन खेळाडूंकडून शब्द आले. ते 'चालता हो' अशा अर्थाचे होते, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. तो गर्रकन वळला, नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला उभ्या असलेल्या चौहानपाशी गेला आणि त्याला हाताने पुढे ढकलत पॅव्हेलियनच्या दिशेने घेऊन निघाला.

कर्णधारच निघाला म्हटल्यावर चौहान काय करणार? तोही चालू लागला. सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर शाहिद दुराणी आणि सहव्यवस्थापक बापू नाडकर्णी पुढे आले. चौहानला तिथूनच परत पाठवलं. गावसकर आत गेला, वेंगसरकर बाहेर आला, खेळ सुरू झाला.

एखाद्या संघाने खेळायला नकार दिला तर पंच सामना समोरच्या संघाला देऊन टाकू शकतात, असा नियम तेव्हाही होता. कसोटीच्या इतिहासात तसं खरोखर घडलं ते पुढे २००६ मध्ये ओव्हलवर, पाकिस्तानच्या बाबतीत. मेलबर्नला ते चौहानच्या एका पावलावर येऊन थांबलं.

माणूस

मुंबईच्या दादर युनियन क्लबच्या शिस्तीत वाढलेला हा सलामीवीर. मुंबईच्या मैदानांवर 'खडूस' ही शिवी नसते, पावती असते. विकेट फेकायची नाही, समोरचा कितीही बोलला तरी चेहरा हलवायचा नाही, दिवस मावळेपर्यंत त्याला घाम गाळायला लावायचा. १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमधल्या पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा. कारकीर्द संपली तेव्हा १२५ कसोटी, १०,१२२ धावा, ३४ शतकं. यातला बराच काळ त्याने हेल्मेटशिवाय जगातल्या सगळ्यात वेगवान गोलंदाजांना तोंड दिलं. छातीवर चेंडू बसला तरी पुढच्या चेंडूला तो त्याच जागी, त्याच पवित्र्यात उभा दिसे.

व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांच्या चाचणीत अशा माणसाला भावनिक स्थैर्याचे आणि शिस्तीचे भरपूर गुण मिळाले असते, असं कुणीही छातीठोकपणे म्हणेल. आणि त्या गुणपत्रिकेवरून मेलबर्नचं भाकीत कुणालाही करता आलं नसतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडून आपल्या क्षेत्रात खळबळ उडवून दिली. 'अमुक माणूस रागीट', 'तमुक शांत' अशा सरसकट शिक्क्यांवरून एखाद्या विशिष्ट प्रसंगातलं वागणं फारसं सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग स्वभाव असा काही नसतोच की काय, यावर पुढे बरीच वर्षं वाद रंगला. त्यातून निघालेलं उत्तर मला त्या वादापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. मिशेल आणि युइची शोदा यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांची अनेक आठवडे तासन्‌तास निरीक्षणं केली. एक मुलगा मोठ्यांनी दटावलं की उसळतो, पण बरोबरीच्या मुलांनी चिडवलं तर फारसं मनावर घेत नाही. दुसऱ्याचं अगदी उलट. दोघांच्या रागाची सरासरी काढली तर ती सारखीच येऊ शकते. पण 'असं झालं तर तो तसा वागतो' ही प्रत्येकाची घडण वेगळी असते आणि ती बऱ्यापैकी टिकून राहते.

आपल्याकडे हे बायकांना शास्त्राशिवाय ठाऊक असतं. 'त्यांना काहीही बोला, ऐकून घेतील, फक्त त्यांच्या आईचा विषय काढू नका,' हे नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं. बाजारात पन्नास रुपयांना फसला तरी हसून सोडून देणारा माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'तुम्हाला यातलं काय कळतं' एवढं ऐकताच खुर्ची सरकवून उठतो. त्याला शांत म्हणायचं की तापट? प्रश्नच चुकीचा आहे.

गावसकरची घडण शोधायची तर मेलबर्नच्या आजूबाजूलाही बघावं लागतं. १९८४-८५ च्या मोसमात ईडन गार्डन्सवर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत प्रेक्षकांनी कर्णधार गावसकरची यथेच्छ हुर्यो उडवली. या मैदानावर पुन्हा कसोटी खेळणार नाही, असं त्याने ठरवलं. लॉर्ड्‌सच्या फाटकावर दारवानाने उर्मटपणे अडवलं, हे त्याच्या मनात इतकं राहिलं की १९९० मध्ये लॉर्ड्‌सच्या मालक क्लबने, एमसीसीने, देऊ केलेलं मानद सदस्यत्व त्याने नाकारलं. पुढे काही वर्षांनी ते स्वीकारलं. मेलबर्न, कोलकाता, लॉर्ड्‌स. तिन्हीकडे चेंडू अंगावर येण्याचा, हरण्याचा, धावा न होण्याचा प्रश्न नव्हता. तिन्हीकडे त्याला कुणीतरी कमी लेखलं होतं. शारीरिक धोका, वेदना, दडपण, अपयश यांच्यापुढे ढिम्म असलेला माणूस अवहेलनेपुढे मात्र ढिम्म राहत नाही. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे. बाकी सगळं त्याच्या भोवतीने येतं.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांनी प्रत्येक भावनेमागचा एकेक मूळ अर्थ सांगायचा प्रयत्न केला होता. रागाचा त्यांनी सांगितलेला अर्थ साधारण असा : मला किंवा माझ्या माणसांना हीन लेखणारा अपराध. मेलबर्नच्या त्या दीड-दोन मिनिटांना हा अर्थ पायरीपायरीने लागू होत जातो. चुकीचा निर्णय म्हणजे अन्याय. लिलीचं बोट म्हणजे 'तू खोटं बोलतोस'. आणि मागून आलेले शब्द म्हणजे उघड हाकलून देणं. पहिल्या दोन पायऱ्यांवर गावसकरने स्वतःला सावरलं होतं, हे निसटू देऊ नये. तो निघाला होता. तोल गेला तो तिसऱ्या पायरीवर.

आधीचा साठा

आता परिस्थिती. मालिकेतल्या आधीच्या पाच डावांत गावसकरने पंचविशीही गाठली नव्हती. जगातला पहिल्या क्रमांकाचा सलामीवीर, त्यात कर्णधार, आणि दौऱ्याच्या शेवटच्या ऑस्ट्रेलियन कसोटीत त्याला पहिल्यांदा सूर गवसला होता. सत्तरपर्यंत पोचल्यावर शतक समोर दिसू लागतं. संघाची अवस्थाही बेताची. शिवलाल यादव आणि दिलीप दोशी पायाच्या दुखापतींनी, कपिल देव मांडीच्या स्नायूने बेजार. व्हाइटहेड यांची पंच म्हणून ही पहिलीच कसोटी मालिका, आणि त्यांच्या काही निर्णयांवरून भारतीय संघात आधीपासूनच धुसफूस होती. त्या काळी दोन्ही पंच यजमान देशाचेच असत. सामनाधिकारी (मॅच रेफरी) ही व्यवस्था यायला अजून दहा वर्षं होती. दाद मागायची कुठे?

इथे 'संयमाची टाकी रिकामी झाली' असं म्हणायचा मोह होतो. १९९८ पासून काही वर्षं मानसशास्त्रातही हा विचार फार गाजला : इच्छाशक्ती वापरली की संपते. पण २०१६ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. म्हणून मी त्या टाकीवर भार टाकत नाही. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी सत्तरच्या दशकात मांडलेली कल्पना इथे जास्त बसते. एका कारणाने वाढलेले हृदयाचे ठोके, तापलेलं अंग लगेच खाली येत नाही. ते उतरायच्या आत दुसरं कारण घडलं, तर पहिल्याची शिल्लक दुसऱ्याच्या खात्यात जमा होते, आणि माणसाला वाटतं की हा सगळा राग आत्ताच्या बोलण्याचाच आहे. तासन्‌तासांची एकाग्रता, पायचीतचा धक्का, लिलीचं बोट ही सगळी शिल्लक अंगात असताना ते दोन शब्द आले. हेच शब्द सकाळी नाश्त्याच्या टेबलावर कुणी ऐकवले असते, तर गावसकरने बहुधा त्याहून तिखट टोमणा मारून विषय संपवला असता. टोमण्यांत तो कुणाला हार जाणारा नव्हता.

एक गोष्ट जाता जाता. याच मैदानावर अवघ्या नऊ दिवसांपूर्वी, १ फेब्रुवारीला, ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेलने न्यूझीलंडविरुद्ध शेवटचा चेंडू धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, षटकार बसू नये म्हणून सरपटी टाकायला लावला होता. त्या दिवशी आपण मनाने पार थकलेलो होतो, कर्णधारपद सांभाळण्याच्या स्थितीत नव्हतो, असं ग्रेगने नंतर सांगितलं. म्हणजे नऊ दिवसांत, एकाच मैदानावर, दोन संयमी कर्णधार. एकाचा राग बाहेर फुटला, दुसऱ्याचा थंड हिशेबाचं सोंग घेऊन आला. लिलीची गोष्ट वेगळी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्थला त्याने जावेद मियांदादला लाथ मारली आणि दोन एकदिवसीय सामन्यांची बंदी ओढवून घेतली. अशी माणसं स्वतः कधी फुटतील हा एक प्रश्न असतोच, पण समोरच्यासाठी तीच परिस्थिती बनतात.

सावरलं कुठे, सुटलं कुठे

मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये भावना हाताळण्याच्या पाच जागा सांगितल्या. प्रसंगात शिरायचं की नाही हे ठरवणं, शिरल्यावर प्रसंग बदलणं, लक्ष दुसरीकडे वळवणं, घडलेल्या गोष्टीचा अर्थ बदलून बघणं, आणि शेवटी भावना उसळल्यावर ती दाबणं. जितक्या लवकरच्या जागी काम होईल तितकं ते सोपं पडतं, असा त्यातला साधारण विचार.

फलंदाज म्हणून गावसकर तिसऱ्या जागेचा उस्ताद होता. दोन चेंडूंच्या मध्ये मन मोकळं करायचं, पुढच्या चेंडूला ते परत आणायचं. पण ही हातोटी पुढचा चेंडू येणार असेल तरच कामाची. बाद झालेल्या फलंदाजाला पुढचा चेंडू नसतो, लक्ष वळवायला जागाच उरत नाही. संयम हा एकसंध गुण आहे असं आपण धरतो, आणि चूक तिथे होते. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्‌सवर ३३४ धावांचा पाठलाग करताना याच गावसकरने साठ षटकं खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या. बाहेरून तो अढळ संयम दिसत होता. आत तो अडकला होता, आणि त्या डावाचं समाधानकारक स्पष्टीकरण त्याला स्वतःलाही कधी देता आलं नाही.

चौथी जागा, अर्थ बदलून बघण्याची, मेलबर्नला उपलब्ध होती. नवखा पंच आहे, चुकला. लिली म्हणजे लिलीच. सत्तर झाल्या, संघ उभा आहे. पण पंचांच्या आधीच्या निर्णयांमुळे 'चुकला' हा अर्थ मागे पडून 'हे असंच चाललंय' हा अर्थ पुढे आला असणार. मग उरली पाचवी जागा : दाबणं. ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांच्या प्रयोगांत चेहऱ्यावर भावना न दाखवणाऱ्यांचा चेहरा शांत राहिला, पण शरीरातली खळबळ काही बाबतींत उलट वाढली. खेळपट्टीपासून काही पावलं चालत गेलेला गावसकर नेमका त्या अवस्थेत होता. बाहेरून निघालेला, आतून मुळीच न निघालेला.

यानंतरचं नियमन त्याने केलंच नाही. ते दुसऱ्यांनी केलं. दुराणी हवाई दलातले अधिकारी. कोण बरोबर, कोण चूक याचा न्यायनिवाडा त्यांनी सीमारेषेवर केला नाही, बाद झालेल्या फलंदाजाला समजावत बसले नाहीत, बाद न झालेल्याला थांबवलं. गावसकरचा राग शमवण्याची गरजच नव्हती, त्याने आत येणं नियमाप्रमाणेच होतं. गरज होती ती फक्त चौहानने रेषा न ओलांडण्याची. आणि मेलबर्नचं मैदान अवाढव्य आहे. खेळपट्टीपासून सीमारेषेपर्यंतच्या चालीत व्यवस्थापकांना जिना उतरून पुढे यायला वेळ मिळाला. लहान मैदान असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मला पोरकट वाटत नाही. माणसाच्या संयमाचं श्रेय पुष्कळदा अंतराला आणि वेळेला जातं.

चौहान

या प्रकरणात सगळ्यात कमी बोललं जातं ते चेतन चौहानबद्दल. पुण्यात वाढलेला, वाडिया कॉलेजचा, महाराष्ट्राकडून रणजी खेळलेला. त्याच मैदानावर, त्याच प्रसंगात तोही होता. तो चिडला असेल तरी तसं दिसलं नाही. अ‍ॅडलेडला आधीच्याच कसोटीत तो ९७ वर बाद झाला होता, आणि मेलबर्नला पुन्हा शतकाच्या वाटेवर होता. कर्णधाराने ओढलं म्हणून निघाला, व्यवस्थापकांनी थांबवलं म्हणून परतला. परत येऊन पुन्हा गार्ड घेतला आणि धावसंख्या १७६ असताना लिलीच्याच गोलंदाजीवर ८५ वर झेल देऊन बसला. ४० कसोटींत २,०८४ धावा करूनही त्याच्या नावावर एकही शतक लागलं नाही. दुसऱ्याच्या रागाचा खर्च कुणाच्या खात्यात पडतो, ते बघायचं तर धावफलकावरचा हा ८५ बघावा.

घरात, ऑफिसात हे रोजचं आहे. साहेब तावातावाने मीटिंग सोडून जातात आणि त्यांच्यामागून फाइल घेऊन उठावं की बसून राहावं, हे न कळलेला हाताखालचा माणूस दिवसभर कामात चुकत राहतो. रागावलेल्याची नोंद होते, ओढल्या गेलेल्याची होत नाही.

नंतर

भारत ३२४ धावांत बाद झाला. ऑस्ट्रेलियापुढे १४३ चं लक्ष्य, आणि चौथ्या दिवसअखेर त्यांचे ३ बाद २४. घावरीने चॅपेलला पहिल्याच चेंडूवर पायांमागून त्रिफळाचीत केलं होतं. पाचव्या दिवशी दुखऱ्या मांडीने कपिल देव उतरला, २८ धावांत ५ बळी घेतले, आणि ऑस्ट्रेलिया ८३ वर आटोपला. भारत ५९ धावांनी जिंकला, मालिका १-१.

या विजयामुळे एक सोयीची कथा तयार झाली की अपमानाने संघ पेटून उठला आणि जिंकला. मला ती पटत नाही. खेळपट्टी खालीवर होत होती, चेंडू बसत होता, आणि कपिलने यष्टीचा वेध सोडला नाही, एवढं कारण पुरतं. राग फळला असं म्हणायचं तर आधी हे मान्य करावं लागेल की तो फळण्यासाठी सामना शिल्लक राहायला हवा होता, आणि तो रागाने राखला नव्हता. खुद्द गावसकरनेही त्या कृतीबद्दल नंतर जाहीर खेद व्यक्त केला आहे, कर्णधाराने असं वागायला नको होतं म्हणून. पण त्याच वेळी, आपण निघालो ते पायचीतच्या निर्णयामुळे नसून त्या शब्दांमुळे, हेही तो आवर्जून सांगतो. मिशेल यांच्या 'असं झालं तर तसं' या चौकटीत याहून नेमकं आत्मनिदान मिळणं कठीण.

समुपदेशनात किंवा वर्गात हे प्रकरण घेताना 'तुम्ही किती रागीट आहात' ऐवजी 'तुम्ही कशाला रागावता, आणि कशाला मुळीच रागावत नाही' असं विचारून बघा. दुसऱ्या भागाची उत्तरं देताना लोक थबकतात. बहुतेकांनी आपल्या शांत जागांची यादी कधी केलेलीच नसते.

क्रिकेटने दरम्यान परिस्थितीच बदलून टाकली. १९९१ च्या सुमारास सामनाधिकारी आले, मग तटस्थ पंच, आणि २००८ मध्ये भारत-श्रीलंका मालिकेत निर्णयाची फेरतपासणी पहिल्यांदा कसोटीत आली. आज तो चेंडू पडला असता तर गावसकरने पंधरा सेकंदांत हातांनी 'टी'ची खूण केली असती आणि कडेचा आवाज पडद्यावर उमटतो का, ते सगळ्यांनी मिळून बघितलं असतं. फलंदाजांचे स्वभाव १९८१ पेक्षा सुधारले आहेत असं काही नाही. तक्रारीला दार मिळालं आहे. मागून आलेल्या शब्दांसाठी मात्र फेरतपासणी नाही, तिथे आजही स्टंपमधला माइक आणि सामन्याच्या मानधनातली कपात यांवरच भागवावं लागतं.

गावसकरने स्वतःपुरता मार्ग काढला तो ग्रॉस यांच्या यादीतला पहिला : त्या प्रसंगात शिरायचंच नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये पाकिस्तानविरुद्धची कसोटी ईडन गार्डन्सवर होती. तो खेळला नाही. हुर्यो झाली नाही, तोल जाण्याचा प्रश्न आला नाही, आणि सलग १०६ कसोटी खेळण्याची त्याची मालिका तिथे तुटली.